टोपी फिरवलेला रॉबिन्सन

(गेल्या अंकात 'बुलेट्स ऑर बॅलट्स' या १९३६ च्या अमेरिकन चित्रपटाबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं एवढी, की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलंय. बाकीच्यांनी महिनाभर थांबावं.)

प्रश्न : काका, हल्ली दर दुसऱ्या वेबसीरिजमध्ये टोळीत घुसलेला पोलीस असतो. तुम्ही लिहिलेला हा चित्रपट म्हणजे त्या सगळ्यांचा मूळ पुरुष का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज)

उत्तर : नाही रे बाबा. मूळ पुरुष शोधायला गेलास तर हाती निराशाच येईल. १९२९ साली रोलंड वेस्टचा 'अ‍ॅलिबाय' आला. बोलपट नुकते कुठे बोलायला लागले होते. त्यात रेजिस टूमी हा नट दारूच्या नशेत झुलणाऱ्या श्रीमंत पोराचं सोंग करतो आणि असतो मात्र पोलीस. शेवटी तो मरतो, पण मरायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात बाहेर जाऊन चहा पिऊन यावं. म्हणजे सोंग घेतलेला पोलीस १९३६ च्या आधीपासून पडद्यावर होता.

मग मी या चित्रपटाच्या मागे का लागलोय? कारण इथे सोंग पोलिसाचं नाही, नटाचं आहे. ऐक.

१९३१ साली 'लिटल सीझर' आला आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन हा बुटका, बेडकासारख्या तोंडाचा माणूस अमेरिकेचा लाडका गुंड झाला. त्याच वर्षी 'द पब्लिक एनिमी'तून जेम्स कॅग्नी आला. पब्लिक शेवटच्या रिळात त्यांचं मरण बघायची, पण तिकीट काढायची ते आधीच्या सगळ्या रिळांतल्या त्यांच्या रुबाबासाठी. यावर पाद्री चिडले, महिला मंडळं चिडली. चित्रपटांसाठी आचारसंहिता १९३० पासून होतीच, पण ती कपाटात होती. जुलै १९३४ पासून सेन्सॉरचं काम बघणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचा शिक्का नसेल तर मोठ्या थिएटरांत चित्रपट लागेना. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, कायद्याची टिंगल नको.

आता वॉर्नर ब्रदर्सच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? गुंडाच्या भूमिकेत सोन्याची अंडी देणारे दोन नट पदरी आहेत आणि गुंडाचा चित्रपट काढायचा नाही. त्यांनी सरळ टोपी फिरवली. १९३५ मध्ये 'जी मेन'मध्ये कॅग्नीला सरकारी पोलीस केलं. दिग्दर्शक विल्यम कीली. पुढच्या वर्षी, 'बुलेट्स ऑर बॅलट्स'मध्ये, त्याच कीलीने रॉबिन्सनला जॉनी ब्लेक हा पोलीस केलं, आणि वर गुंडांच्या टोळीत पाठवलं. म्हणजे शिक्का मारणाऱ्यांसाठी तो पोलीस, आणि बाल्कनीपासून पिटापर्यंत सगळ्यांसाठी तोच जुना रॉबिन्सन. तोच सिगार, तीच दोन शब्दांत समोरच्याला गार करणारी जीभ. माझं मत विचारशील तर टोळीत घुसलेला पोलीस हे पात्र अमेरिकन पडद्यावर इतकं फोफावलं ते गुप्त पोलिसांमुळे नाही, सेन्सॉरमुळे. उपास असला की साबुदाण्याला भाव येतो, तसंच.

प्रश्न : जॉनी ब्लेकला सगळं न्यूयॉर्क ओळखतं. टोळीचा म्होरक्या तर त्याच्याशी गप्पा मारतो. मग तो गुप्त कसा? बहिर्जी नाईकांसारखा वेष तरी पालटायचा! (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : गुरुजी, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. या चित्रपटातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच आहे. ब्लेक नाव बदलत नाही, दाढी लावत नाही. तो फक्त स्वतःची बदनामी करून घेतो. आधीच त्याला ब्रॉन्क्समध्ये आडबाजूला टाकलेलं असतं. नवा पोलीस आयुक्त मॅक्लॅरन येतो, साफसफाई काढतो आणि आपल्या या जुन्या मित्रालाच घरी बसवतो. चिडलेला ब्लेक भर गर्दीत आयुक्ताला ठोसा हाणतो. खरं काय ते त्या दोघांनाच माहीत. टोळीप्रमुख अल क्रूगर त्याला कामावर घेतो ते फसून नव्हे. 'हा माणूस मला वीस वर्षं माहीत आहे, याचा अपमान झालाय,' अशा खात्रीने घेतो.

वेषांतर करणाऱ्याला दाढी निघायची भीती असते. ब्लेकच्या अंगावर सगळं खरंच आहे. त्याचे सहकारी त्याच्याकडे पाठ फिरवतात तीही खरीच. रॉबिन्सन हे फार कमी हालचालीत दाखवतो. मला यातली कुठलीही गोळीबाराची जागा आठवत नाही इतका त्याचा तो बसका, काहीच न सांगणारा चेहरा आठवतो.

ब्लेक बेतला होता जॉनी ब्रॉडरिक या न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या डिटेक्टिव्हवर. ब्रॉडवेवर त्याचा दरारा, आणि हात पटकन उठायचा. वर्तमानपत्रात लोखंडी नळी गुंडाळून फिरायचा, लेग्ज डायमंड या नामचीन गुंडाला त्याने कचऱ्याच्या डब्यात कोंबलं, अशा कथा त्याच्याभोवती आहेत. असा माणूस कुठल्या टोळीत लपून बसणार? त्याची सावली आधी पोहोचायची. म्हणून लेखकांनी ही बदनामीची युक्ती काढली असावी. त्या लेखकांत एक होता मार्टिन मूनी. हा गुन्हेगारीचा वार्ताहर. आपल्याला बातम्या कोण देतं हे त्याने ग्रँड ज्यूरीला (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांना) सांगितलं नाही म्हणून तीस दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा खाल्लेला माणूस. संवादांना जो खरा वास आहे तो मला तिथून आलेला वाटतो.

प्रश्न : नाव छापू नये ही विनंती. चित्रपटात तो ब्लेक 'नंबर्स'चा धंदा टोळीला मिळवून देतो. हा आपला मटकाच ना? आमच्या गल्लीत माझं बालपण त्यातच गेलं. (इचलकरंजी)

उत्तर : नाव कशाला छापू! इचलकरंजी म्हटल्यावर अर्धी गल्ली कळली.

हो, मटक्याचा भाऊच म्हणा. आणि नुसते दिसायला सारखे नाहीत, नाळही जुळते. न्यूयॉर्कचा 'नंबर्स' म्हणजे तीन आकडी संख्या लावायची, ०००पासून ९९९पर्यंत. एक सेंटसुद्धा चालायचा. हार्लेमच्या गल्ल्यांत पोरं चिठ्ठ्या गोळा करत फिरायची. आकडा कुठून काढायचा? तर लबाडी करता येणार नाही अशा ठिकाणाहून : बँका एकमेकांचे चेक जिथे वटवतात त्या क्लिअरिंग हाऊसच्या रोजच्या उलाढालीतून. पेपरात छापून यायचा तो. मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा क्लिअरिंगला. दुपारी चेकचे गठ्ठे जुळवताना आपल्या बेरजेवर कुठे कुणाची पैज लागू शकेल, असं कधी मनातही आलं नाही. पुढे क्लिअरिंगचे आकडे तसे छापणं बंद झालं आणि आकडा घोड्यांच्या शर्यतीतल्या बेरजेवरून निघू लागला.

आता इकडे या. मुंबईत लोक कशावर आकडा लावत होते? न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर! आपला 'ओपन' आणि 'क्लोज' तिथला आहे, वरळीचा नव्हे. ते भाव १९६१ मध्ये येईनासे झाले तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी इथेच आकडा काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, मग पत्ते. तीन पानं ओढायची, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. तिरी, छक्की, अठ्ठी आली तर सतरा, म्हणजे सत्ता. तुम्हाला हे सांगणं म्हणजे सोनाराला कानस विकणं.

पण एक हिशेब तुम्ही केला नसेल. मटक्यात एकेरी आकड्याला नऊपट देत. शक्यता दहात एक. न्यूयॉर्कला शक्यता हजारात एक, आणि देत होते सुमारे सहाशेपट. म्हणजे रुपयातले चाळीस पैसे धंदेवाल्याच्या खिशात, आपल्याकडे दहा. खत्री त्यांच्यापुढे धर्मादाय म्हणायचा. तरीही डच शुल्ट्झ या गुंडाचं पोट भरेना. त्याने ऑटो बर्मन नावाचा हिशेबनीस ठेवला. टोपणनाव 'अबाडाबा'. लोकांनी कुठले आकडे जास्त लावलेत ते ऐकून हा माणूस डोक्यातल्या डोक्यात गणित करायचा आणि शर्यतीच्या मैदानावर ऐनवेळी असे पैसे लावायला लावायचा, की बेरीज बदलून भलताच आकडा यायचा. अशा डोक्याचा माणूस आमच्या क्लिअरिंगला असता तर आम्ही रोज पाचला घरी गेलो असतो. २३ ऑक्टोबर १९३५ ला नेवार्कच्या एका खानावळीत शुल्ट्झला गोळ्या घातल्या, त्यात बर्मनही गेला. चित्रपट याच्यानंतर आठच महिन्यांत थिएटरांत. प्रेक्षकांच्या डोक्यात रक्त अजून ओलं होतं.

प्रश्न : जोन ब्लाँडेलचं पात्र मला उगाचच वाटलं. नायकाला कुणीतरी हवी म्हणून. (दादर)

उत्तर : ताई, अर्धं बरोबर. ली मॉर्गन ही नंबर्स चालवणारी बाई आहे, नुसती नायिका नाही. ब्लेक तिचा मित्र, आणि तोच तिचा धंदा क्रूगरच्या घशात घालतो. एवढं कडू नातं त्या काळच्या किती चित्रपटांत होतं? पण ते कडू नातं हातात असताना लेखक घाबरले आणि तिला रुसण्यापलीकडे काम दिलं नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

मला याहून मोठी खंत आहे ती वेगळीच. हार्लेममध्ये हा धंदा खरोखर चालवणारी एक बाई होती, स्टेफनी सेंट क्लेअर. कॅरिबियन बेटांवरून आलेली कृष्णवर्णीय बाई, फ्रेंच ढंगाचं बोलणं, अंगावर किमती कपडे. डच शुल्ट्झ तिचा धंदा बळकवायला आला तेव्हा बरेच जण गप्प बसले, ही नडली. तो मरणपंथाला असताना तिने 'पेराल तसं उगवेल' अशा अर्थाची तार धाडली, असं सांगतात. हॉलिवूडने तो सगळा मामला गोऱ्या जोन ब्लाँडेलला देऊन टाकला आणि लुईस बीव्हर्स या ताकदीच्या कृष्णवर्णीय नटीला बाजूची छोटी भूमिका दिली. चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा बीव्हर्सवर नजर ठेवा. जे वगळलं त्याचा कोपरा तिथे दिसतो.

प्रश्न : गुंड सगळे दुकानदारांकडून हप्ते घेतात, आणि त्यांच्या वर बसलेले मालक निघतात प्रतिष्ठित बँकवाले! हे जरा जास्तच फिल्मी नाही का? (सनदी लेखापाल, नाशिक)

उत्तर : मी बँकेतला, म्हणून मला हा प्रश्न विचारलात का?

दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली. तेरा वर्षं चोरटी दारू विकून गब्बर झालेल्या टोळ्या रिकाम्या झाल्या आणि मार्केट यार्डात शिरल्या. दूध, कोंबड्या, धोबीघरं, हॉटेलं. 'संघटनेची वर्गणी' द्या, नाहीतर ट्रक उलटेल. न्यूयॉर्कमध्ये आर्टिचोक नावाची कमळाच्या कळीसारखी भाजी मिळते, तिच्यावरही एका टोळीचा ताबा होता. महापौर ला गार्डिया यांनी डिसेंबर १९३५ मध्ये बाजारात जाऊन त्या भाजीच्या विक्रीवर काही दिवस बंदीच घातली. आपल्याकडे कुणी गवारीवर बंदी घातल्याचं ऐकलंय? तेव्हा फिल्मी काय आणि खरं काय, सांगणं कठीण.

त्याच वर्षी टॉमस ड्यूई हा तरुण वकील खास सरकारी अभियोक्ता नेमला गेला. चित्रपटातल्या मॅक्लॅरनच्या पाठीमागे तुम्हाला तोच दिसेल. शुल्ट्झला ड्यूईचा खून करायचा होता. बाकीच्या टोळीवाल्यांना वाटलं यानं सगळेच बुडू, म्हणून त्यांनी शुल्ट्झलाच संपवलं. आणि ज्या महिन्यात हा चित्रपट देशभर लागला, त्याच जून १९३६ मध्ये ड्यूईने लकी लुचियानो या बड्या टोळीप्रमुखाला दोषी ठरवून घेतलं. आतल्या पानावर चित्रपटाची जाहिरात आणि पहिल्या पानावर ती बातमी.

बँकवाल्यांचं म्हणाल तर १९२९ नंतर अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या होत्या. तिकीट काढून आत बसलेल्या कित्येकांचे पैसे त्यात गेलेले. तीन सभ्य गृहस्थ चकचकीत टेबलामागे बसून गुंडांचा हिशेब तपासतायत, हे बघून कुणालाही नवल वाटलं नसणार. मला खुपतं ते एवढंच, की त्यांना चेहरे आहेत पण माणूसपण नाही. क्रूगर जिवंत आहे, त्याच्या टोळीतला बग्स फेनर (हम्फ्री बोगार्ट) जिवंत आहे. हे तिघं मात्र कॅलेंडरवरचे.

प्रश्न : प्रत्यक्षात कुणी पोलीस असा टोळीत राहिला होता का? (पोलीस खात्यातला एक वाचक)

उत्तर : साहेब, पोलीस नाही, प्राप्तिकरवाला! मायकेल मलोन. शिकागोच्या लेक्सिंग्टन हॉटेलात अल कपोन या टोळीप्रमुखाचा मुक्काम असे. मलोन 'लेपिटो' या नावाने, फिलाडेल्फियाहून पळून आलेला गुंड म्हणून त्याच हॉटेलात जाऊन राहिला. पेपर वाचत लॉबीत बसायचा. हळूहळू ओळखी झाल्या, पत्ते रंगले. त्याचा सहकारी फ्रँक विल्सन याला मारण्याचा बेत त्याच्या कानावर आला आणि विल्सन वाचला. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला करचुकवेगिरीसाठी अकरा वर्षांची शिक्षा झाली. एकही गोळी न उडता. म्हणूनच मलोनवर चित्रपट काढणं अवघड : लॉबीत बसून पेपर वाचणाऱ्याचं काय दाखवणार?

प्रश्न : नावाचा अर्थ काय? चित्रपटभर एक मतपेटी दिसली नाही. (पेण)

उत्तर : सुरुवातीला एक वृत्तपत्रमालक छोट्या प्रचारपटात भाषण करतो : हे लोक गोळीच्या धाकाने राज्य करतात, त्यांना मताने मोडा. नाव तिथलं. पुढे मत कुणी देत नाही, गोळ्या मात्र भरपूर.

पण तो प्रचारपट बघायला थिएटरात कोण बसलेलं असतं? स्वतः क्रूगर आणि फेनर, रीतसर तिकीट काढून. स्वतःची बदनामी पडद्यावर बघायला आलेले. ही गंमत लेखकाची म्हणावी, तर दोन वर्षं आधी, २२ जुलै १९३४ ला, जॉन डिलिंजर हा दरोडेखोर शिकागोच्या बायोग्राफ थिएटरातून गुंडांचाच चित्रपट बघून बाहेर पडला आणि बाहेर वाट बघत थांबलेल्या केंद्रीय तपास अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी मेला.

प्रश्न : हम्फ्री बोगार्ट यात व्हिलन का? (कणकवली)

उत्तर : कारण तेव्हा तो बोगार्ट झाला नव्हता. रॉबिन्सनबरोबर त्याचे पाच चित्रपट, हा पहिला. पाचव्यात, १९४८ च्या 'की लार्गो'त, बोगार्ट नायक आणि रॉबिन्सन गुंड. बारा वर्षांत दोघांनी खुर्च्या बदलल्या.

प्रश्न : मोबाइलवर बघत होतो, ऐन शेवटी रेंज गेली. ब्लेक जगतो का? (परभणी)

उत्तर : तुमचं दुःख माझ्याएवढं कुणाला कळणार!

नव्वदच्या दशकात केबलवर दिवसभर कार्टून लागायची आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट सुरू व्हायचे. १९९७ साली एका रात्री मी हा चित्रपट टेप करायला लावला. माझ्या त्या कॅसेटच्या सुरुवातीला अजून एक मांजर उंदरामागे धावतंय. सगळं झकास चाललं होतं. फेनर आणि ब्लेक जिन्यात समोरासमोर आले, आणि आमच्या गल्लीतली वीज गेली. ती आली पहाटे. सौ. म्हणाल्या, "बरं झालं, झोपा आता."

त्यानंतर दहा वर्षं माझा ब्लेक जगत होता. मी मनातल्या मनात त्याला निवृत्त केलं, ब्रॉन्क्समध्ये घर घेऊन दिलं, ली मॉर्गनशी दिलजमाई करून दिली. २००७ मध्ये न्यू जर्सीच्या पुतणीने डीव्हीडी पाठवली. मी डीव्हीडी लावली आणि सरळ शेवटावर गेलो.

तर ऐका. फेनर मरतो, पण ब्लेकला गोळी लागलेली असते. तसाच, कोटाखाली रक्त दाबून, तो त्या तीन बड्या मालकांच्या कचेरीपर्यंत चालत जातो, कारण ते दार त्याच्याचसाठी उघडणार असतं आणि मागोमाग पोलीस आत शिरणार असतात. दार उघडतं, पोलीस शिरतात, आणि काम झाल्यावर तो मॅक्लॅरनसमोर जीव सोडतो. जाता जाता म्हणतो ते साधारण असं, की पोलीस दिसला की या गुंडांनी टोपीला हात लावणं सोडू नये, एवढंच.

सौ.ना हाक मारली, म्हटलं, मेला गं तो. त्या आतून म्हणाल्या, "कोण?"